ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

निवड आधी, ओळख नंतर

महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलाला शाखा आधी ठरवावी लागते आणि त्या शाखेत काम काय असतं ते नंतर कळतं. बारावीचा निकाल, एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल आणि केंद्रीभूत प्रवेशाचा, म्हणजे ‘कॅप’चा, ऑप्शन फॉर्म हे सारं काही आठवड्यांत अंगावर येतं. त्या फॉर्मवर कॉलेज आणि शाखा यांचा मिळून एकच कोड असतो. कॉलेज आज ठरवू, शाखा पुढच्या वर्षी बघू, अशी सोय तिथे नाही.

सगळीकडे असं नसतं. केंब्रिज विद्यापीठात इंजिनीअरिंगची पहिली दोन वर्षं सगळ्यांना सामाईक असतात, पूल बांधू पाहणाराही वीजमंडलं शिकतो आणि मगच आपली वाट धरतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थी आधी नुसत्या ‘पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंग’ला दाखल होतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात शाखा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. टोरांटोत तर न ठरवलेल्यांसाठी ‘ट्रॅकवन’ नावाचा वेगळा प्रवेशच आहे. या ठिकाणी ओळख करून घ्यायला विद्यापीठ वेळ देतं. आपल्याकडे तो वेळ घरून काढावा लागतो, आणि तो अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतच असतो.

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावी अडचण आणखी एक असते. घरात इंजिनीअर नसतो. सल्ला देतो तो पुण्याला नोकरी करणारा मामा किंवा शिकवणी वर्गाचे सर, आणि दोघंही जे त्यांच्या ओळखीचं आहे तेच सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण मुलाला कानावर पडलेली दोन-तीन नावं तेवढी माहीत होतात, काम एकाही नावामागचं दिसत नाही. माझं म्हणणं असं की काम पाहायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. पुलगाव ते आर्वी आणि तिथून वर्धा, एवढ्या टापूत इंजिनीअरिंगच्या बहुतेक मूळ शाखा उघड्यावर चालू आहेत. त्या कुठे आणि कशा पाहायच्या, आणि पाहून झाल्यावर कागदावरची निवड कशी करायची, ते पुढे क्रमानं लिहितो.

एका जिनिंगमध्ये सात शाखा

दसरा-दिवाळीनंतर कापूस यायला लागला की या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंग चालू होतात. आपल्या घरचा कापूस तिथे जातो, म्हणून गेटपर्यंत आपण अनेकदा गेलेलो असतो. आत जाऊन दोन तास उभं राहणारा विद्यार्थी मात्र विरळा. मालकाला किंवा फोरमनला आधी विचारून, मोठ्या माणसाबरोबर जावं, आणि सैल कपडे, ओढणी, गमछा घालून फिरत्या पट्ट्यांजवळ जाऊ नये.

आपल्याकडे डबल रोलर जिन चालतो. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, त्यांच्या खरबरीत अंगाला तंतू चिकटून ओढला जातो, स्थिर पातं सरकीला अडवून धरतं आणि मधलं हलणारं पातं तिला ठोकून खाली पाडतं. पात्याचा दाब बिघडला की सरकी फुटते नाहीतर रुईबरोबर पुढे जाते. रोलर झिजले की त्यांच्यावर पुन्हा चरे पाडावे लागतात. इथे घर्षण आहे, झीज आहे, बेअरिंगचं तापणं आहे, हवेच्या झोतानं रुई नळ्यांतून वाहून नेणं आहे, आणि शेवटी हायड्रॉलिक प्रेसमध्ये १७० किलोची गाठ दाबून बांधणं आहे. हे सगळं मेकॅनिकल. अमेरिकेत आरीसारख्या दातांचे जिन वापरतात. लांब धागा जपण्यासाठी आपल्याकडे रोलर टिकला, आणि अशी यंत्रं बनवणारी बजाज स्टील इंडस्ट्रीज ही कंपनी आपल्या नागपूरचीच आहे. मेकॅनिकलला आता काही उरलं नाही असं म्हणणाऱ्याला मी आधी हा रोलर दाखवीन.

शेडच्या बाहेर ट्रान्सफॉर्मर आणि आत मोटारींची रांग असते. एवढ्या मोटारी एकदम चालल्या की पॉवर फॅक्टर घसरतो, वीजबिल वाढतं, म्हणून कपॅसिटर बसवलेले असतात. सुरू होताना मोटार जास्त करंट का ओढते, एक फेज गेली तर ती का जळते, हे प्रश्न वायरमनला विचारावेत. तो त्याच्या भाषेत सांगेल, आणि इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मोठा भाग त्याच उत्तरांचा विस्तार आहे.

कापूस फार कोरडा असेल तर तंतू तुटतो, ओला असेल तर सरकी नीट सुटत नाही, म्हणून ओलावा मोजणं आणि राखणं हे वेगळं काम आहे. त्याला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात. खांब मध्ये न घेता केवढा मोठा शेड उभा केला आहे, आग लागली तर पाण्याची टाकी कुठे आहे, गंजींमध्ये अंतर किती ठेवलं आहे, हे सिव्हिलचे प्रश्न. सरकी बाहेर पडली की तिची आणखी एक दुनिया सुरू होते. तेल आणि ढेप. घाणीत दाबून काढल्यावरही ढेपेत तेल उरतं, ते हेक्झेन या द्रावकानं काढतात. कच्च्या तेलातलं गॉसिपॉल नावाचं रंगद्रव्य अल्कलीनं धुऊन घालवावं लागतं. हे केमिकल इंजिनीअरिंग आहे, आणि १९४२ साली नागपुरात सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं, म्हणजे आपल्या ‘एलआयटी’नं, तेल तंत्रज्ञान ही शाखा अनेक वर्षं जोपासली.

रुईच्या तंतूची लांबी, ताकद, मायक्रोनेअर हे आकडे पाहून भाव ठरतो. ते आकडे समजणारा टेक्सटाइल इंजिनीअर असतो. कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या यादीत ही शाखा जवळजवळ नसतेच, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी संस्थेत, इचलकरंजीच्या डीकेटीईत आणि आपल्या विदर्भात पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शिकवली जाते. आणि आता गाठीवर क्यूआर कोडही असतो. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाखाली गाठ कुठल्या जिनिंगमधून आली याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवली जाते, म्हणजे कॉम्प्युटरवालाही या शेडमध्ये पोचला आहे.

इतकं पाहून घरी आल्यावर शाखांची नावं आठवत बसू नये. कोणाजवळ सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कोणाला आणखी विचारावंसं वाटलं, एवढं वहीत लिहावं. फिटरजवळ, वायरमनजवळ, वजनकाट्याच्या संगणकाजवळ की तंतू ओढून पाहणाऱ्या ग्रेडरजवळ? मुलाचा कल ओळखायची याहून भरवशाची चाचणी मला माहीत नाही. पैसे घेऊन बोटांचे ठसे तपासून शाखा सांगणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये.

धनोडीचं धरण आणि काळी माती

रोहण्याच्या भागातलं सिव्हिलचं मोठं काम म्हणजे वर्धा नदीवरचा निम्न वर्धा प्रकल्प, धनोडीचं धरण. सिव्हिल म्हणजे सिमेंट आणि ठेकेदारी असा समज गावोगाव आहे. धरणावर तो लगेच गळून पडतो. किती पाऊस पडला तर किती पाणी येईल याचं गणित, मातीच्या भरावातून पाझर किती व्हावा याचं गणित, पूर आला तर कोणते दरवाजे किती उघडायचे याचा हिशेब, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नव्या वस्त्यांतले रस्ते-पाणी, हे सगळं त्याच शाखेत येतं.

त्यातही आपल्या पायाखालची काळी माती हा स्वतंत्र अभ्यास आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंतीला तिरप्या चिरा जातात, कालव्याचं काँक्रीट अस्तर उचकटतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर उपाय शोधला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा ठराविक जाडीचा थर दाबून बसवायचा आणि मग अस्तर घालायचं. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. ज्या मुलीनं आपल्या घराची चीर दरवर्षी उघडताना-मिटताना पाहिली आहे, तिला जिओटेक्निकल या विषयाची प्रस्तावना वेगळी द्यावी लागत नाही.

धरणाचे दरवाजे मात्र मेकॅनिकलकडे जातात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूत बी.ए. होऊन मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, सिव्हिल शिकले. पण त्यांचं नाव खडकवासल्याला १९०३ साली बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांसाठी घेतलं जातं. शाखांच्या सीमा कागदावर जितक्या ठळक असतात तितक्या धरणावर नसतात.

सौर पंपाच्या खोक्यात

शिवारात आता ठिकठिकाणी सौर पंप दिसतात. २०१९च्या ‘पीएम-कुसुम’नंतर आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप शेतकऱ्यांना मिळत आहेत. पॅनेल आणि पंप यांच्यामध्ये एक बंद खोकं असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ, म्हणजे इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन यांत फरक काय, तो या खोक्यावरून चांगला सुटतो.

पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते आणि ऊन बदलेल तशी बदलते. प्रत्येक क्षणी पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणं आणि मोटारीला चालेल अशी, कमी-जास्त वारंवारतेची एसी वीज बनवणं हे कंट्रोलरचं काम. मोटार, केबल, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर, महावितरणचं उपकेंद्र, म्हणजे शक्ती वाहून नेणारी वीज, हे इलेक्ट्रिकल. चिप, सेन्सर, सर्किट बोर्ड, म्हणजे माहिती हाताळणारी वीज, हे इलेक्ट्रॉनिक्स. खोक्यातलं सिम कार्ड पंप किती तास चालला ते दूरच्या सर्व्हरला कळवतं, ते टेलिकम्युनिकेशन. सर्व्हरवर ती आकडेवारी साठवून बिघडलेले पंप शोधणारा प्रोग्राम कॉम्प्युटरचा. आणि बोअरमध्ये खाली फिरणारे इम्पेलर पुन्हा मेकॅनिकलचे. खोकं उघडायचं काम मात्र कंपनीच्या तंत्रज्ञालाच करू द्यावं. पॅनेलच्या डीसी विजेचा झटका जीवघेणा असतो.

वर्ध्याला एक दिवस

वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, १९३८ साली सुरू झालेलं. ग्रामोद्योगाची अवजारं, चरखे, घाण्या पाहताना एकेका यंत्रात सुधारणा कशी होत गेली ते समजतं. त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे; खादी-वस्त्र, ऊर्जा, रसायनं, जैवप्रक्रिया अशा विभागांत छोट्या उद्योगांसाठी तिथे काम चालतं. दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली उभं केलेलं ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ आहे. मातीच्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंचं कमानदार छप्पर हे त्यांचं गाजलेलं काम. कमी खर्चाचं घर हाही इंजिनीअरिंगचा प्रश्न आहे, आणि कठीण प्रश्न आहे, हे तिथे पटतं.

कॉलेजं पाहायची तर सेवाग्रामला १९८३ सालचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि आर्वी रोडवर पिपरीला शिक्षा मंडळाचं २०१७ साली सुरू झालेलं बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. ते लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. कोणत्याही कॉलेजात गेलं की स्वागतकक्षातलं माहितीपत्रक घेऊन परत येऊ नये. प्रयोगशाळा पाहायला मागावी आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलावं. पहिल्या वर्षाचा अजून नवा असतो, शेवटच्या वर्षाचा नोकरीच्या धावपळीत असतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही ‘शाखा कशी आहे?’ असं विचारलं की ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘मागच्या आठवड्यात लॅबमध्ये काय केलंत? कोणता विषय सगळ्यांना जड जातो? तुमच्या पुढच्या बॅचमधले कुठे गेले?’ असं विचारावं.

पाबळची पद्धत

काम करून पाहत शिकायची सर्वांत विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था महाराष्ट्रात मला पाबळच्या विज्ञान आश्रमात दिसते. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात तो सुरू केला. तिथला विद्यार्थी एकाच कामाला चिकटत नाही. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांतून तो फिरतो, आणि शिकताना केलेलं काम गावाला लागणारं, खरं असतं. वेल्डिंग करून बनवलेलं फाटक कोणाच्या तरी शेताला लागतं. हाच विचार ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या विषयाच्या रूपानं राज्यातल्या कित्येक माध्यमिक शाळांत गेला.

दहावीची परीक्षा संपल्यावर जी सुट्टी मिळते तिच्यात हे छोट्या प्रमाणात रोहण्यालाही करता येतं. फॅब्रिकेशनचं दुकान, मोटार रिवाइंडिंग, चालू बांधकाम, मोबाइल-संगणक दुरुस्ती. प्रत्येक ठिकाणी सलग काही दिवस. बाबांची किंवा काकांची कुठे ना कुठे ओळख निघतेच. हात लावण्याआधी विचारायचं, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही, चालू मोटारीपासून दूर राहायचं. एखादं काम पहिल्या दिवशी गमतीचं वाटतं आणि पाचव्या दिवशी कंटाळवाणं. तो पाचवा दिवस महत्त्वाचा आहे. तेव्हाही ‘हे असंच का करतात?’ असा प्रश्न पडत असेल, तर त्या कामाशी आपलं जमेल.

आणि एखादी वाट बंद झाली म्हणून सगळं संपत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकार व्हायला गेले होते. रंग ओळखण्यातला डोळ्यांचा दोष कळला आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये त्यांनी शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर बनवला आणि १९१०मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला.

नावांची गर्दी

ऑप्शन फॉर्मवर आता कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, एआय-मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, आयओटी अशी रांग दिसते. २०२४-२५पासून तंत्रशिक्षण परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली आणि ही रांग आणखी लांबली. या शाखांचा पाया बराचसा एकच आहे. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय जवळजवळ सगळ्यांत असतात, फरक पडतो तो तिसऱ्या वर्षापासून काही विषयांत. म्हणून नावातल्या फरकावर रात्र-रात्र जागण्यापेक्षा त्या कॉलेजात तो विषय शिकवणारे प्राध्यापक आहेत का, हे पाहणं जास्त उपयोगी.

नवीन नावाच्या शाखेआधी आणखी एक गोष्ट तपासावी. सरकारी जाहिरातींत शाखेचं नाव मोजूनमापून लिहिलेलं असतं. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच गटांत होते. जलसंपदा, बांधकाम विभाग किंवा वीज कंपन्यांत जायचं मनात असेल तर मूळ शाखा घेऊन नवं काही वरून शिकणं सोपं. उलट करणं अवघड. मला विचाराल तर ज्याचा कल अजून स्पष्ट झालेला नाही त्यानं रुंद पायाची शाखा घ्यावी.

अभ्यासक्रम उघडून वाचा

विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळांवर असतात, आणि प्रवेशाआधी ते वाचणारे फार थोडे. पहिलं वर्ष सोडून द्यावं, ते सगळीकडे सारखंच. तिसऱ्या ते सहाव्या सत्राच्या विषयांची यादी काढावी. मेकॅनिकलमध्ये उष्मागतिकी, यंत्रांची गती, द्रवांचं वहन, उष्णता संक्रमण, उत्पादन प्रक्रिया. सिव्हिलमध्ये संरचना, माती, पाणी, सर्वेक्षण, रस्ते. कॉम्प्युटरमध्ये वर सांगितलेल्या विषयांबरोबर तर्काचं आणि संचांचं गणित. फक्त कोडिंग करायला मिळेल म्हणून गेलेल्यांना हेच गणित गाठतं.

मग यादीतला एक विषय घेऊन एनपीटीईएल किंवा ‘स्वयम्’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची पहिली चार-पाच व्याख्यानं मोफत ऐकावीत. व्याख्यान ऐकायला बहुतेकांना आवडतं, त्यावरून काही ठरवू नये. त्यानंतरची गणितं सोडवायला बसावं. अडलं तरी पुन्हा वहीकडे जावंसं वाटतं का, तेवढं पाहावं.

इंग्रजीच्या धास्तीनं एखादी शाखा टाळायचं कारण नाही. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. गणिताची मात्र इंग्रजीतच असते. २०२१पासून एआयसीटीईनं भारतीय भाषांत बी.टेक.ला परवानगी दिली आणि पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगनं कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरू केली.

दहावीनंतरची वाट

ज्याला हातानं काम करत शिकायचं आहे त्यानं तंत्रनिकेतनाचा विचार मनापासून करावा. आर्वीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. पदविका एका शाखेची असली तरी पात्रतेच्या नियमांनुसार पदवीला दुसऱ्या शाखेतही अर्ज करता येतो. मधला अभ्यास भरून काढावा लागतो एवढंच. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शाखेचं काम आतून पाहून झालेलं असतं आणि बदलायची एक संधी हाती उरलेली असते. बारावी करणाऱ्यापेक्षा कमी हुशार मुलं पदविकेला जातात, हा समज गावानं सोडायला हवा.

कॅपचे नियम आणि पैशाची गाठ

जागावाटप तुमच्या यादीत वरून खाली होत जातं. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून हवी ती शाखा खाली ढकलू नये. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. २०२५-२६च्या प्रवेशात फेऱ्या चार झाल्या, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपैकी काही मिळालं तरी ते पक्कं, असा नियम आला. तेव्हा यादीतले पहिले सहा पर्याय हे मिळाले तर घेऊच असेच हवेत. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका घरातल्या मोठ्यांबरोबर बसून वाचावी, कॅफेवाल्यावर सोडू नये.

फीचा विषय शाखेशी थेट जोडलेला आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलांसाठी प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. तिथे गुणांची चुरस मोठी असते, आणि या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. नुसती फी वाचते म्हणून नको ती शाखा पत्करणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं. मुलींसाठी २०२४-२५पासून वेगळी सोय आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीला लांब कशाला पाठवायचं, जवळ जी शाखा मिळेल ती घेऊ दे, असं म्हणणाऱ्या घरांनी हा निर्णय जरूर वाचावा. शुल्काचं कारण आता पुष्कळ घरांत उरलेलं नाही.

प्रवेश झाल्यावर

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राबरोबर मूलभूत इलेक्ट्रिकल, इंजिनीअरिंग ग्राफिक्स, यांत्रिकी, प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप असे विषय असतात. शाखा ठरलेली असली तरी शेजारच्या शाखांची चव घ्यायची ही उरलेली जागा आहे, आणि मुलं नेमके हेच विषय पास होण्यापुरते करतात.

शाखा बदलायची असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रिकाम्या राहिलेल्या जागांवर, पहिल्या वर्षाच्या गुणांनुसार ते जमू शकतं. जागा थोड्या असतात, त्यामुळे त्यावर विसंबून प्रवेश घेऊ नये. त्याहून हाताशी असलेला मार्ग ‘मायनर’चा. नेहमीच्या सुमारे १६० क्रेडिटशिवाय आणखी १८ ते २० क्रेडिट दुसऱ्या शाखेचे घेतले की पदवीबरोबर त्या शाखेची मायनर मिळते. सिव्हिल घेऊन डेटा सायन्स किंवा मेकॅनिकल घेऊन इलेक्ट्रॉनिक्स असं करता येतं. पुढे एम.टेक.साठीची गेट परीक्षा ठरवून दिलेल्या जोड्यांपैकी दोन विषयांत देता येते, आणि २०२४पासून तीत डेटा सायन्स-एआय हा विषयही आहे.

पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. शाखाबदलासाठी अर्ज कधी आणि कोणत्या गुणांवर, मायनरचे कोणते विषय त्या कॉलेजात खरोखर शिकवले जातात आणि नोंदणी कोणत्या सत्रात होते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती.